धुळ्याची २०१९ ची ट्रॅफिक केस कुठे शोधायची? शिवाय गाडीवर तीन ई-चलानं

बोरीकाठची (अमळनेर)

सगळ्यांना नमस्कार. जरा सविस्तर लिहिते. अर्धवट सांगितलं की उत्तरही अर्धवटच मिळतं, हे मला या आठवड्यात चांगलं कळलं.

मे २०१९ ची गोष्ट. माझा धाकटा भाऊ धुळ्याहून मोटरसायकलवर निघाला होता, मागे दोन मावसभाऊ. हळद आटपून तिघे पारोळ्याला मावशीकडे चालले होते. पारोळा चौफुलीजवळ वाहतूक पोलिसांनी थांबवलं. भाऊ तेव्हा एकोणीस वर्षांचा. लायसन्स फक्त लर्निंग, गाडीला 'एल' नाही, त्यात ट्रिपल सीट. चूक त्याचीच होती, त्याबद्दल माझी कसलीही तक्रार नाही. पोलिसांनी कागदी पावती दिली, लर्निंगचा कागद ठेवून घेतला आणि कोर्टात जाऊन दंड भरायला सांगितलं. हा घाबरला आणि घरी कोणाला बोललाच नाही. पावती पॅन्टबरोबर धुतली गेली. वाळल्यावर काढलेला तिचा फोटो जुन्या मोबाईलमध्ये सापडला. त्यात '३/१८१' आणि '१२८/१७७' एवढंच वाचता येतं. खालचा नंबर आणि कोर्टाचं नाव शाईच्या डागात गेलं.

पुढे लॉकडाऊन लागलं. लर्निंगची सहा महिन्यांची मुदत तर कधीच संपली होती. त्याने नवीन लर्निंग काढलं, २०२१ मध्ये पक्कं लायसन्सही मिळालं. कोणी काही विचारलं नाही, म्हणून तो समजला की मिटलं.

आता त्याची एका ठिकाणी कंत्राटी वाहनचालक म्हणून निवड झाली आहे. चारित्र्य पडताळणीच्या फॉर्ममध्ये प्रश्न आहे : तुमच्याविरुद्ध कोणतीही फौजदारी केस प्रलंबित आहे का? याने पेन्सिलने 'नाही' लिहिलं, आणि रात्री जेवताना मला सगळं सांगितलं. फॉर्म अजून दिलेला नाही, वीस दिवस आहेत. आई तेव्हापासून एकच विचारते, "पोऱ्यानी नोकरी जाई का वं?"

मी सोमवारी इथल्या कोर्टात जाऊन आले. खिडकीवरच्या बाईंनी कॉम्प्युटरवर नाव टाकून पाहिलं, काही निघालं नाही. बाहेर एकाने गाठून सांगितलं, दोन हजार द्या, केस निल करून आणतो. मी दिले नाहीत.

त्याच धास्तीने गाडीवरची ई-चलानं पाहिली. तीन निघाली. दोन हेल्मेटची, जळगावच्या अजिंठा चौकातली, पाचशे-पाचशेची. ती आमचीच आहेत, फोटोत भाऊ स्पष्ट दिसतो. तिसरं हजाराचं, वेगमर्यादेचं, आणि ते अशा शहरातलं की जिथे आमची गाडी कधीच गेली नाही. फोटो मोठा करून पाहिला तर त्यात पांढरी मोपेड आहे. आमची २०१४ ची काळी मोटरसायकल. नंबर मात्र आमचाच, एमएच १९ चा.

तर विचारायचं असं : जुनी केस नेमकी कुठे शोधू? सापडली तर पुढे काय? 'नाही' लिहिलेलं चालेल का? आणि त्या मोपेडच्या चलानाचं काय करू? मी कापडाच्या दुकानात हिशेब लिहिते, आकडे मला कळतात, कोर्टातलं काही कळत नाही.

पिकअपवाला (पारोळा)

ताई, इतकं मनाला लावून घेऊ नका. माझ्या पिकअपवर एका वेळी अकरा चलानं होती, पार्किंगपासून ओव्हरलोडपर्यंत. लोकअदालतीचा मेसेज आला तेव्हा जळगावला जाऊन बसलो. काही चलानांत सूट मिळाली, काही पूर्ण भरावी लागली. वर्षातून साधारण चार वेळा राष्ट्रीय लोकअदालत असते, तारीख पेपरात येते.

जुन्या केसचं म्हणाल तर सहा वर्षं झाली, ती आता बाद झाली असणार. कोण उकरून काढतंय? आणि गेटवरच्या माणसाला पैसे दिले नाहीत हे एकदम बरोबर केलं. मी एकदा दिले होते. पैसे गेले आणि चलानं जशीच्या तशी राहिली.

आबा, निवृत्त (चाळीसगाव)

बोरीकाठच्या ताई, मी एकतीस वर्षं कोर्टात नोकरी केली. कारकुनापासून बेंच क्लार्कपर्यंत, शेवटची काही वर्षं नाझर शाखेत, म्हणजे कोर्टाचे पैसे जमा होतात तिथे. अशा केसेस माझ्या हातून किती गेल्या त्याला गणती नाही. म्हणून बैजवार सांगतो.

पहिली गोष्ट, पिकअपवाल्या भाऊंचं एक वाक्य सोडून द्या. 'सहा वर्षं झाली म्हणजे बाद झाली' असं नसतं. मुदतीचा कायदा आहे, पण ती मुदत पोलिसांनी कोर्टात केस दाखल करायची. नुसत्या दंडाच्या गुन्ह्याला सहा महिने, एक वर्षापर्यंत कैद असलेल्या गुन्ह्याला एक वर्ष. ३/१८१ म्हणजे विनालायसन्स गाडी चालवणं, त्यात तीन महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे, म्हणजे तिथे एक वर्ष. या मुदतीत केस दाखल झाली असेल, तर ती आरोपी येईपर्यंत कपाटात जिवंत असते. आधी समन्स निघतं, मग जामीनपात्र वॉरंट, मग अजामीनपात्र. माणूस सापडतच नसेल तर केस डॉर्मंट फाईलला टाकतात. फाईल झोपली तरी केस संपत नाही. माणूस हजर झाला की ती उठते. दाखलच झाली नसेल तर गोष्ट वेगळी. म्हणून आधी शोध, मग काळजी.

दुसरी गोष्ट, तुम्ही अमळनेरला गेलात तिथेच वाट चुकली. केस माणसाच्या गावच्या कोर्टात चालत नाही, जिथे गुन्हा घडला तिथल्या कोर्टात चालते. पारोळा चौफुली धुळे शहरात, तेव्हा तुमची केस धुळ्याच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. तो पारोळ्याला चालला होता, राहतो अमळनेरला, दोन्ही गावं जळगाव जिल्ह्यातली. पण केसला धुळे जिल्हाच. माझ्या खिडकीवर आठवड्यातून दोन-तीन माणसं तरी अशी चुकीच्या कोर्टात येऊन 'काही नाही' ऐकून खूश होऊन जायची. पुढे वॉरंट घरी आलं की रडायची. मला त्यांचं फार वाईट वाटायचं, कारण त्यांनी विचारलेलं असायचं, पण चुकीच्या दारात.

आता शोधायचं कसं ते. ईकोर्ट्सच्या साईटवर किंवा मोबाईल ॲपवर 'केस स्टेटस' उघडा. राज्य महाराष्ट्र, जिल्हा धुळे, मग कोर्ट कॉम्प्लेक्स. तुमच्याकडे केस नंबर नाही, म्हणून 'पार्टी नेम'ने शोधा. नावाची किमान तीन अक्षरं लागतात, वर्ष टाकावं लागतं, आणि 'पेंडिंग', 'डिस्पोज्ड', 'बोथ' यातलं 'बोथ' निवडा. बरेच जण फक्त पेंडिंग पाहतात आणि निकाली निघालेली केस त्यांना दिसतच नाही.

वर्षाचं नीट लक्षात ठेवा. गुन्हा मे महिन्यातला असला तरी दाखल होण्याचं वर्ष मोजायचं. २०१९ पाहा, नाही मिळालं तर २०२०.

आणि स्पेलिंग! नाव नोंदवणारा माणूस पोलिसांच्या हस्ताक्षरावरून इंग्रजीत टाईप करतो. त्याच्यापुढे ढीग असतो. आडनाव खानदेशी असेल तर बघायलाच नको. एकच आडनाव मी पाच तऱ्हांनी नोंदवलेलं पाहिलंय, आणि त्यातल्या दोन तऱ्हा माझ्या स्वतःच्या हातच्या. पूर्ण नाव टाकू नका. नुसत्या आडनावाची पहिली चार अक्षरं, मग नुसतं पहिलं नाव, मग वडिलांचं नाव, असं फिरवून पाहा. समोरच्या पक्षात सरकार किंवा पोलीस ठाणं असेल. केसचा प्रकार 'एस.सी.सी.' दिसेल, म्हणजे समरी क्रिमिनल केस. किरकोळ मोटार वाहन केसेस त्यातच नोंदवतात. 'आर.सी.सी.' दिसलं तर ती नियमित फौजदारी, बहुतेक दुसऱ्या कोणाची.

सापडली की पहिलं काम, सीएनआर नंबर वहीत लिहून ठेवा. सोळा अक्षरी असतो, सुरुवातीला महाराष्ट्राची एम आणि एच, शेवटी चार आकडी वर्ष. माणसाला आधार नंबर तसा केसला हा. तो हातात असला की देशातल्या कोणत्याही ईकोर्ट्स केंद्रावर ती केस निघते. मग 'स्टेज' पाहा, पुढची तारीख पाहा, कोर्ट नंबर पाहा.

ऑनलाईन नाही मिळाली तर हार मानू नका. धुळ्याला जा, फोटोची मोठी प्रिंट न्या आणि फौजदारी शाखेत विचारा. वाहतूक शाखेतही त्या दिवसाची नोंद आणि कोर्टात पाठवल्याची नोंद शोधता येते. तारीख पक्की सांगा. 'मे महिन्यात केव्हातरी' म्हटलं तर कोणीही तीस दिवसांचं रजिस्टर चाळणार नाही. हळद कोणत्या तारखेला होती ते लग्नपत्रिकेवरून काढा.

कोर्टात अकराच्या आधी पोचायचं. बाहेर बोर्ड लागतो, त्यावर नंबर पाहायचा. तारीख नसेल त्या दिवशी गेलात तर आरोपीने हजर होण्याचा अर्ज द्यावा लागतो, मग फाईल काढून साहेबांपुढे ठेवतात. वॉरंट असेल तर सोबत वॉरंट रद्द करण्याचा अर्ज. जो माणूस आपल्या पायाने येतो त्याला कोर्ट बहुतेक वेळा समजून घेतं. हे मी पुन्हा पुन्हा डोळ्यांनी पाहिलंय.

दंड भरलात तर पैसे फक्त नाझर शाखेत आणि पावती घेऊनच. कोर्टाच्या आवारात पावतीशिवाय कोणाच्याही हातात एक रुपया ठेवू नका, तो कितीही ओळखीचा निघाला तरी. मग त्याच दिवशी, नाहीतर दोन-चार दिवसांत, रोजनामा (प्रत्येक तारखेला कोर्टात काय झालं त्याची नोंद) आणि निकालाची नक्कल मिळण्याचा अर्ज टाका. कोर्ट फी स्टॅम्प लागतो, खर्च किरकोळ. लोक दंड भरून पावती पाकिटात ठेवतात आणि नक्कल घेत नाहीत. जुन्या किरकोळ केसेसचे कागद ठराविक वर्षांनी नष्ट करतात. दहा वर्षांनी कोणी विचारलं तर तुमच्या घरातली नक्कल हाच पुरावा राहतो.

ई-चलानाचं रेकॉर्ड निराळं असतं, तिकडे वळतो. राज्याच्या वाहतूक ई-चलान साईटवर गाडीचा नंबर आणि चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकले की सगळी चलानं फोटोसकट दिसतात. ते तुम्ही केलंच आहे. पण तेवढ्यावर थांबू नका, व्हर्च्युअल कोर्टाच्या, म्हणजे चलानं ऑनलाईन चालवणाऱ्या कोर्टाच्या साईटवरही गाडी नंबर टाकून पाहा. न भरलेलं चलान तिकडे गेलेलं असू शकतं. महाराष्ट्रातलं पहिलं व्हर्च्युअल कोर्ट २०२० मध्ये नागपूर जिल्ह्यात काटोलला सुरू झालं. तिथे दोन वाटा असतात, सांगितलेला दंड भरणं किंवा 'लढवणं'. लढवायचं म्हटलं तर केस नेहमीच्या कोर्टात जाते, आणि कोर्ट पुन्हा गुन्ह्याच्या जागेचंच.

हेल्मेटची दोन भरून टाका, ती तुमचीच आहेत. राज्यात कुठलंही ई-चलान कुठूनही भरता येतं, अजिंठा चौकात जाऊन उभं राहायची गरज नाही. मोपेडचं मात्र भरू नका. हजार रुपयांसाठी कशाला कटकट, असं म्हणून भरलं की तुम्ही ते कबूल केलं, आणि तो नंबर लावून फिरणारा माणूस पुढचं चलान आणेल. ई-चलानाच्या ॲपवर तक्रारीची सोय आहे. तिथे आरसी, आपल्या गाडीचे पुढून-मागून फोटो आणि चलानातला फोटो जोडा. गाडीचा प्रकार वेगळा, रंग वेगळा, एवढं दोन वाक्यांत लिहा. शिवाय नंबरचा गैरवापर होतोय असा लेखी अर्ज अमळनेर पोलीस ठाण्यात देऊन पोच घ्या. उद्या त्या मोपेडने कोणाला उडवलं तर पहिली चौकशी तुमच्या दारात येईल. २०१४ ची गाडी आहे, म्हणजे १ एप्रिल २०१९ च्या आधीची. उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवली नसेल तर बसवून घ्या.

काही सापडलं की इथे लिहा. मी रोज संध्याकाळी पाहतो.

बोरीकाठची (अमळनेर)

आबा, सापडली!

काल दुकान बंद झाल्यावर बसले. आमचं आडनाव सैंदाणे. पूर्ण नाव टाकलं, काही नाही. आडनावाची पहिली चार अक्षरं टाकली, दोन पानभर सैंदाणे निघाले, त्यात आमचा नाही. मग तुम्ही सांगितल्याप्रमाणे नुसतं वडिलांचं नाव टाकलं. तिथे होता. आडनावात 'आय'च्या जागी 'वाय' आणि मधला 'एन' गायब, वाचताना 'सयदाने' असं काहीतरी होतं. तारीख पत्रिकेवरून काढली होती म्हणून ओळखता आलं, दाखल जुलै २०१९ ची आहे. एस.सी.सी., धुळे. सीएनआर वहीत लिहिला, आणि फोटोही काढून ठेवला.

स्टेजला जामीनपात्र वॉरंट दिसतंय. ते वाचून हातपाय गार पडले. भावाला सांगितलं तर तो म्हणाला, "आते कसं व्हई?" आणि अंगणात जाऊन बसला. आईला अजून सांगितलं नाही.

वॉरंट घरी कधीच आलं नव्हतं. आम्ही २०१९ च्या दिवाळीत घर बदललं, जुन्या पत्त्यावर गेलं असेल. आता तो धुळ्याला गेला तर तिथेच पकडतील का? आणि गुन्हा कबूल करून दंड भरला की नोकरीच्या फॉर्मवर काय लिहायचं?

वकील_धुळे

ताई, मी धुळ्यालाच वकिली करते. इथे फक्त सर्वसाधारण सांगते, कागद पाहिल्याशिवाय सल्ला देणं बरोबर नाही.

जामीनपात्र वॉरंट म्हणजे जामीन देऊन सुटण्याचा हक्क. स्वतःहून हजर झाल्यावर वॉरंट रद्दचा अर्ज आणि जातमुचलका (स्वतःचं लेखी हमीपत्र), एवढ्यावर बहुतेक प्रश्न सुटतो. आधार कार्ड, पत्त्याचा पुरावा, घर बदलल्याचा काहीतरी कागद बरोबर ठेवा. भाडेकरार किंवा वीजबिल चालतं.

आता महत्त्वाचं. आबांनी दंड भरण्याचं सांगितलं ते त्यांच्या जागी बरोबर आहे, पण नोकरीचा विषय आहे म्हणून मी एक पाऊल थांबेन. कोर्टात 'गुन्हा कबूल' म्हणून दंड भरला की ती शिक्षा ठरते, रक्कम शंभर रुपये असली तरी. दुसरा रस्ता आहे तडजोडीचा. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० खाली १७७ (इथे ट्रिपल सीट) आणि १८१ (विनालायसन्स) हे दोन्ही गुन्हे तडजोडपात्र आहेत, आणि तडजोड केस दाखल होण्याआधी किंवा नंतरही करता येते. तडजोड शुल्क भरलं की त्या गुन्ह्याची पुढची कार्यवाही थांबते. लोकअदालतीतही तडजोडपात्र गुन्हेच घेता येतात, म्हणून तिथे ही केस ठेवायची विनंती करता येईल. लोकअदालतीचा निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. दारू पिऊन गाडी चालवणं, म्हणजे कलम १८५, या यादीत येत नाही. ते इथे लागू नाही, पण वाचणाऱ्या इतरांसाठी लिहिलं.

रकमेची धास्ती बाळगू नका. गुन्हा मे २०१९ चा. दंड वाढवणारी दुरुस्ती १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झाली. गुन्हा घडला त्या दिवशी जी शिक्षा होती त्याहून जास्त देता येत नाही, हे राज्यघटनेच्या कलम २० मध्येच आहे. तेव्हा १८१ ला दंडाची मर्यादा पाचशे होती आणि १७७ ला पहिल्या वेळी शंभर. आज विनालायसन्स पाच हजार ऐकून लोक गळाठतात, ते तुमच्या भावाला लागू नाही.

फॉर्मबद्दल. 'नाही' लिहू नका. आज केस प्रलंबित आहे आणि तुम्हाला ती माहीत आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अवतार सिंग प्रकरणात पडताळणी फॉर्मवर माहिती लपवण्याबद्दल सविस्तर सांगितलंय. किरकोळ प्रकरण असेल तर नेमणूक करणारा ते सोडून देऊ शकतो, पण माहिती खरी द्यायची जबाबदारी उमेदवाराची. ट्रिपल सीटने सहसा नोकरी जात नाही. खोट्या उत्तराने जाऊ शकते. केस नंबर, कलमं आणि सद्यस्थिती लिहा, मिटल्यावर नक्कल जोडा.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. १५१०० या नंबरवर फोन करूनही विचारता येतं.

सातपुडा_३९ (नंदुरबार)

विषय निघालाच आहे तर एक सांगतो, कारण आमच्या घरी नुकतंच घडलं. काकांना व्हॉट्सॲपवर 'तुमच्या गाडीचं चलान' म्हणून मेसेज आला, पोलिसांचं चिन्ह, गाडीचा नंबर बरोबर, आणि खाली एक फाईल. नावाच्या शेवटी 'एपीके'. दाबली, मोबाईलमध्ये काहीतरी बसलं, आणि तासाभरात खात्यातून कापसाचे पैसे गेले. काका आठ दिवस नीट जेवले नाहीत.

खरं चलान कधीच एपीके फाईल म्हणून येत नाही. साईटचा पत्ता 'जीओव्ही डॉट इन'नेच संपतो की नाही ते पाहा, आणि मेसेजमधली लिंक न दाबता स्वतः साईट उघडून गाडी नंबर टाका. पैसे गेलेच तर १९३० वर लगेच फोन करा. आम्हाला हा नंबर दुसऱ्या दिवशी कळला.

आबा, निवृत्त (चाळीसगाव)

वकीलताईंचं म्हणणं मला पटलं. मी नाझराच्या खुर्चीतून बोललो, नोकरीचा पैलू माझ्या डोक्यात आला नाही. बोरीकाठच्या ताई, त्या सांगतात तसंच करा. आणि आईला सांगा. वॉरंट हा शब्द तिने बाहेरून ऐकण्यापेक्षा तुमच्या तोंडून ऐकलेला बरा.

बोरीकाठची (अमळनेर)

सगळ्यांसाठी पुढचं लिहिते. उशीर झाला, दुकानात सणाची गर्दी होती.

आईला त्याच रात्री सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, मी पण येते. आम्ही तिघे सकाळच्या पहिल्या एसटीने धुळ्याला गेलो. विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात आधी गेलो. तिथल्या मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि वकील दिले. साडेअकराला अर्ज साहेबांपुढे गेला. फाईल यायला दीड तास लागला. तेवढा वेळ भाऊ बाकावर हात मांडीखाली घेऊन बसला होता, लहानपणी इंजेक्शनच्या रांगेत बसायचा तसा. पुकारा झाला, तेव्हाही 'सयदाने' असाच झाला, आणि आम्हाला क्षणभर कळलंच नाही की हे आपण.

साहेबांनी इतकी वर्षं का आला नाहीस एवढं विचारलं. याने खरं सांगितलं : घाबरलो होतो, घरी बोललो नाही. वॉरंट रद्द झालं, मुचलका लिहून दिला. केस पुढच्या लोकअदालतीला ठेवली. तिथे तडजोड झाली, दोन्ही कलमांची मिळून रक्कम हजाराच्या आत बसली. पावती घेतली. नावाचं स्पेलिंग दुरुस्त करायचा अर्जही वकिलांनी त्याच दिवशी दिला होता. आबा, नक्कल दोन घेतल्या, एक फाईलला आणि एक आईच्या ट्रंकेत.

फॉर्म आम्ही मुदतीत दिला होता, तेव्हा 'होय, प्रलंबित' लिहून केस नंबर टाकला. मिटल्यावर नक्कल नेऊन दिली. तिथल्या साहेबांनी कागद पाहिला, झेरॉक्सवर सही घेतली आणि रुजू व्हायची तारीख सांगितली. जास्त काही बोलले नाहीत.

हेल्मेटचे हजार भरले. भावाने पहिल्या पगारातून दोन हेल्मेट आणायची ठरवली आहेत, दुसरं मागे बसणाऱ्यासाठी. मोपेडची तक्रार फोटो जोडून टाकली. आधी 'प्रलंबित' दाखवत होतं, काल पाहिलं तर ते चलान यादीतून गेलेलं आहे. पोलीस ठाण्यातली पोच जपून ठेवली आहे. नवीन नंबरप्लेटसाठी तारीख मिळाली आहे, पुढच्या गुरुवारची.

पिकअपवाले भाऊ, तुमच्या अकरा चलानांपैकी एखादं व्हर्च्युअल कोर्टात राहिलंय का ते एकदा गाडी नंबर टाकून पाहून घ्या.

पिकअपवाला (पारोळा)

पाहिलं ताई. एक निघालं, २०२२ चं. मला माहीतच नव्हतं. उद्या भरतो.